वाटा तोच ठेवून

दामू, आपला वाद अर्धाच राहिला, आणि आता अशी गंमत झाली आहे की त्यात माझी बाजू नेमकी कोणती होती, हे मलाच धड सांगता येत नाही. तुझी बाजू मात्र पाठ आहे. ती तू इतक्यांदा आणि इतक्या मोठ्या आवाजात मांडलीस की बंदरावरच्या कावळ्यांनाही ती पाठ झाली असेल.

तुझ्या घरी माणसं भेटायला येतात. मीही ओटीवर बसलेला असतो. कुणी तुझ्या मच्छीमार सोसायटीबद्दल बोलतं, कुणी तुझ्या मुंबईच्या खेपांबद्दल. मी मान डोलावतो आणि मनात रुपयाचा विचार करत असतो. मित्र गेल्यावर माणसाने रुपयाच्या भावाचा विचार करावा, हे मला विचित्र वाटतं. लाजही वाटते. पण गेली काही वर्षं आपण दोघं दुसरं बोललो तरी काय? लहानपणी एका शाळेत होतो, तेव्हा खाडीतल्या खेकड्यांवरून भांडलो. तू मुंबईच्या गोदीत माल सोडवून देणाऱ्या एका दलालाकडे नोकरी करून परत आलास, मी बोर्लीच्या हायस्कुलात मास्तर झालो, आणि मग आपण जकातीवरून भांडायला लागलो. भांडणाचा विषय मोठा झाला एवढंच.

तो पहिला दिवस मला आठवतो. शाळा सुटल्यावर मी बंदरावर आलो होतो. मांडवांवर सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत होते, बायका ते हाताने परतत होत्या, आणि मी सवयीने नाकाला रुमाल लावला होता. वर्तमानपत्रातलं काहीतरी तुला समजावून सांगत होतो. परदेशात रुपयाचा जो भाव सरकारने ठरवला आहे तो फार चढा आहे, त्यामुळे आपला माल बाहेरच्यांना महाग पडतो, असं काहीतरी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मास्तर, तू सोडे खात न्हाईस. वास आला की रुमाल लावतोस. आन् सोड्याच्या भावावर मला शिकवतोस?"

मी म्हटलं, "भाव शाकाहारी असतो."

तू इतका हसलास की परतणाऱ्या बायका थांबल्या. त्यातल्या धर्माआत्याने विचारलंही, "काय रं, भटानं सोडं खाल्लं का काय?" तेव्हापासून तू मला कुणाशीही ओळख करून देताना म्हणायचास, "हा आमचा शाकाहारी भाव."

त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. सरकार रुपयाला हात लावणार नाही, तू म्हणालास. त्यात नाव जातं. मग सरकार काय करतं? बाहेरून येणाऱ्या मालावर जकात चढवतं, म्हणजे घेणाऱ्यापुरता रुपया लहान होतो. आणि बाहेर माल पाठवणाऱ्याला वर काहीतरी देतं, म्हणजे विकणाऱ्यापुरताही तो लहान होतो. आपले सोडे मुंबईच्या व्यापाऱ्याकडून परदेशी गेले की त्यांच्या मोबदल्यात बाहेरून माल आणण्याचा हक्क मिळतो. तो माल म्हणजे नायलॉनचं सूत. सुती जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा उकळावं लागतं, वाळवावं लागतं, तरी कुजतं. नायलॉनला यातलं काहीच नको. तू सुताचं एक टोक दातात धरून दोन्ही हातांनी ओढून दाखवलंस. तुटलं नाही. तुझा चेहरा असा होता, जणू ते सूत तूच शोधून काढलं आहेस.

मी म्हटलं, "पण दामू, येणाऱ्या सगळ्यावर जकात आणि जाणाऱ्या सगळ्यावर बक्षीस, म्हणजे रुपया कापल्यासारखंच झालं. मग सरळ कापत का नाहीत?"

"सरळ कापला तर सगळ्यांचाच कापला जाईल. डिझेल वाढंल, औषधं वाढतील, तुझ्या पोरांच्या वह्यांचा कागद वाढंल. आता कसं, अत्तरावर जकात लावा, सुताला सोडा. ज्याला झेपंल त्याला लावा. ह्यात माणूस बघता येतो, मास्तर."

"माणूस बघणारा हात उद्या आपल्याला विसरला तर?"

"तर जाऊन त्याच्यापुढं उभं ऱ्हायचं. रुपया कापल्यावर कुणापुढं उभं ऱ्हाशील?"

रुपयाला दार नसतं, कचेरीला असतं. तू आयुष्यभर दारं ठोठावलीस, त्यामुळे ज्याला दार आहे त्याच्यावर तुझा विश्वास. मला दारांची भीती वाटते. कदाचित आपल्या वादाच्या मुळाशी अर्थशास्त्र नव्हतंच. फक्त स्वभाव होते.

मग तू मला होडीतल्या वाट्याची गोष्ट सांगितलीस. ती मी वर्गात किती वेळा सांगितली असेल, तुझं नाव न घेता. आपल्या बंदरात मासळीचे वाटे आजोबांच्या काळापासून ठरलेले. इतका वाटा होडीचा, इतका जाळ्याचा, इतका खलाशांचा. तो कुणी बदलत नाही. बदलायचा म्हटलं तर होडीवाल्याची अब्रू जाते, गाव म्हणतं, याला आता मिळेनासं झालं. पण तरुण पोरं मुंबईला गिरणीत जायला लागली, जुन्या वाट्यावर खलाशी मिळेनात. तेव्हा होडीचा म्होरक्या राघू तांडेल, त्याने काय केलं? वाट्याला हात लावला नाही. खलाशी घरच्या कालवणासाठी जी मासळी उचलतात, ती वाटे पडण्याआधी उचलतात. पूर्वी ओंजळभर असे. राघूने ती टोपलीभर केली. वाट्याचं नाव तेच, खलाशाला मिळालं जास्त. पोरं टिकली.

"बघ," तू म्हणालास, "दिल्लीवाल्यांनी हे राघूकडून शिकलं असंल."

मी तेव्हा हसलो, पण घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी तुझ्याकडे आलो. तू अजून तोंड धूत होतास. मी विचारलं, "दामू, ज्याच्या घरचा माणूस होडीत नाही त्याचं काय?"

आपल्याकडे एका होडीत एका घरचं जाळं क्वचितच असतं. चार-पाच घरांचे तुकडे जोडून लांब जाळं होतं आणि ज्याच्या तुकड्यात जशी मासळी लागेल त्या मानाने त्याला जाळ्याचा वाटा. धर्माआत्याचा नवरा दर्यात गेला, मुलगा नाही. तिचा फक्त तुकडा जातो. कालवणाच्या टोपल्या आधी भरल्या म्हणजे वाटे पडायला ढीग लहान उरला. तिचा वाटा नावाला तोच राहिला, हातात पडणारी मासळी कमी झाली. आणि तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही, कारण काही बदललंच नव्हतं.

तू तोंड पुसलंस. बराच वेळ पुसत राहिलास. मग चिडलास. म्हणालास, "तुला नुसतं खोट काढता येतं. पोरं टिकली नसती तर होडीच गेली नसती. मग आत्याला कसला वाटा?"

हेही खरं होतं. वहिनींनी चहा आणला तेव्हा आपण दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्या म्हणाल्या, "भावजी, सकाळी सकाळी कोण मेलं?" तरी कुणी हसलं नाही.

पण त्यानंतरच तू बायकांना शब्द दिलास, हे माझ्या नंतर लक्षात आलं. गेल्या हंगामात तू बायकांना सांगितलंस, सोडे मुंबईच्या बाजारात विकू नका, थोडा भाव कमी आला तरी सोसायटीला द्या. सोसायटी ते परदेशी पाठवील, हक्काचं सूत येईल, आणि पहिलं सूत ज्यांच्या घरचा माणूस होडीत नाही त्यांच्या तुकड्यांना. मग बाकीच्यांना. धर्माआत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दामू, मी तुझ्या सरकारला सोडे देत न्हाय. तुला देते." आणि तू मान डोलावलीस. तेवढंच. मी तिथे होतो. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. तो मला दिलेला जबाब होता का? का मी उगीच तसं समजतो आहे? मी तुला विचारलं नाही, आणि आता ते कुणाला विचारू?

सोडे गेले. सूत यायचं राहिलं होतं.

जूनच्या सुरुवातीला बोर्लीच्या हॉटेलात रेडिओवर बातमी लागली, तेव्हा आपण शेजारी बसलो होतो. रुपयाची किंमत उतरवली. त्याबरोबर बाहेर माल पाठवणाऱ्यांना मिळणारे आयातीचे हक्क बंद. काही मालावरची जकात उतरणार, काही मालावर बाहेर पाठवताना उलट कर लागणार. कशावर काय, ते कुणालाच नीट कळलं नव्हतं. हॉटेलातल्या एका गुजर व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला, दुसऱ्याने पेढे मागवले. मी दोघांकडे बघत राहिलो. कुणाचं बरोबर ते मला कळेना, आणि त्या दिवसापासून मला काहीच नीट कळलेलं नाही.

खरं तर त्या दिवशी मी जिंकायला हवं होतं. मी म्हणत होतो तसंच झालं होतं. सरळ, सगळ्यांना एक भाव. पण तू माझ्याकडे वळलास आणि तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. तू फक्त विचारलंस, "आपल्या सुताचं काय?"

होड्या वर ओढलेल्या होत्या. त्यांच्यावर पावसासाठी माडाच्या झापांचं छप्पर चढत होतं. तू माणगावमार्गे मुंबईला गेलास, परत आलास, पुन्हा गेलास. सोडे परदेशी पाठवणारा व्यापारी म्हणाला, हक्क बंद झाला. सरकारी कचेरी म्हणाली, आधी गेलेल्या मालाचं बघू. बघू म्हणजे काय, कधी, ते कुणी सांगितलं नाही. पहिल्यांदाच तुला दार मिळत नव्हतं. किंवा दारं होती, पण आत बसलेल्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या खेपेहून आलास तो थेट शाळेतच आलास. मधली सुट्टी होती. पायरीवर बसून तू मला धडा घेतल्यासारखं विचारायला लागलास.

"रुपया कापला, तर सोड्याला आता रुपये जास्त पडायला पायजेत. व्हय का न्हाय?"

"होय."

"आन् सुतालाही जास्त पडतील."

"होय."

"मग आपण कुठं आलो?"

"जिथं होतो तिथंच. जवळपास."

तू हसलास. खूप दिवसांनी. "मग एवढी कापाकापी कशाला केली रं?" एवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. तू उठलास, पायजम्याची धूळ झटकलीस आणि म्हणालास, "एक ऱ्हायलं हाय सांगायचं. सांगतो संध्याकाळी."

संध्याकाळी तुला ताप भरला होता. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

काय राहिलं होतं सांगायचं? मी वहिनींना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. कधी वाटतं, तू म्हणणार होतास, मास्तर, तुझं बरोबर होतं. कधी वाटतं अगदी उलट. कधी वाटतं, काहीच मोठं नसेल, मुंबईहून माझ्यासाठी पुस्तक आणायला विसरलो, एवढंच सांगायचं असेल. शाळेच्या त्या पायरीवरून मी अजून जातो-येतो आणि प्रत्येक वेळी नवं काहीतरी सुचतं.

एक गोष्ट मात्र तू गेल्यावर माझ्या लक्षात आली, आणि ती तुला सांगायला हवी होती. पायरीवर मी तुला चुकीचं उत्तर दिलं नाही, पण अपुरं दिलं. नवा माल विकून नवं सूत घेणारा जिथे होता तिथेच आहे. पण ज्यांनी जुन्या रुपयात माल दिला आणि सूत नव्या रुपयात घ्यायचं आहे, ते मधेच सापडले. सरकारने जुनी रीत मोडून नवी आणली, ती कदाचित चांगलीच असेल. पण दोन रितींच्या मधल्या फटीत नेमक्या त्याच बायका होत्या ज्यांनी तुझ्याकडे बघून सोडे दिले. आणि यात चोर कुणीच नाही. जकात चढवणाराही देशाचं भलं बघत होता, रुपया कापणाराही. तूही आणि मीही. एवढी भली माणसं मिळून आत्याचं सूत कुठे गेलं, हे मला समजत नाही. दामू, मी रोज वर्गात उभा राहतो आणि मला हे समजत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी सोसायटीच्या शेडमध्ये सगळे जमले. होड्या पाण्यात घालायच्या होत्या, जाळी जोडायची होती. मला मुद्दाम बोलावलं. तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. सगळे उभेच राहिले.

धर्माआत्याने आवाज चढवला नाही. "दामूनं शब्द दिला व्हता," ती म्हणाली. "तो गेला. शब्द कुणाचा, तेवढं सांगा. सोसायटीचा आसंल तर सोसायटीनं सूत द्यावं. त्याचा एकट्याचा आसंल तर मी मागत न्हाय. मेलेल्या माणसाकडं मागू नये."

राघू तांडेल म्हणाला, सोसायटीकडे सूत घ्यायला काही नाही. कुणी म्हणालं, सरकारकडे अर्ज करू. कुणी म्हणालं, मास्तर सांगतील, चूक कुणाची झाली. सगळे माझ्याकडे वळले. मला तुझी आठवण आली ती त्या क्षणी. तू असतास तर खोटं असो, खरं असो, काहीतरी मोठ्याने बोलला असतास.

तेव्हा मागून वहिनी पुढे आल्या. अजून त्यांच्या घरी दिवा लावून महिनाही नीट झाला नव्हता, बाया त्यांना थांबवत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात नायलॉनचे तुकडे हायत. दोन वर्सामागं आणलेले, बंदरात पहिले. ते ह्या बायांच्या तुकड्यांना जोडा. एकच जाळं करा. आन् मासळी कुठल्या तुकड्यात लागली ते बघू नका. सगळ्यांना सारखा वाटा."

राघूने लगेच हिशेब केला असणार. नायलॉनमध्ये मासळी जास्त लागते, सुतीत कमी. सारखा वाटा म्हणजे वहिनींच्या वाट्याची मासळी बायांकडे जाणार. तो हळूच म्हणाला, "असंच ठरवू. पर बोलायला नको बाहेर. वाटा तोच हाय म्हणू."

मी ते ऐकलं. पुन्हा तेच. नाव तेच ठेवायचं आणि आतून हलवायचं. मला तुझी बाजू आठवली, माझी बाजू आठवली, आणि दोन्ही बाजू माझ्याच तोंडात एकदम आल्या.

धर्माआत्या बोलली. "न्हाय, राघू. बोलायचं. दामूच्या बायकूच्या वाट्यातनं मला मिळतं, हे बंदरावर बोलायचं. सगळ्यांसमोर. तरच मी तुकडा जोडीन."

"बोला की," वहिनी म्हणाल्या. "मला कसली लाज?"

दामू, त्या क्षणी आपला वाद कोण जिंकलं? आत जे झालं ते तुझ्या पद्धतीने झालं, माणूस बघून. बाहेर जे झालं ते माझ्या पद्धतीने, उघड. मी घरी येऊन कागदावर दोन रकाने आखले आणि दोन्हीकडे काय लिहावं ते न कळून कागद टाकून दिला. तू असतास तर म्हणाला असतास, बायकांनी दोघांनाही गुंडाळलं. बहुतेक तेच खरं असेल.

पण एवढ्यावर सभा संपली नव्हती. आत्याने पदर खोचला आणि विचारलं, "आन् हे कुठवर चालायचं? सूत येईस्तवर?"

"सूत येईस्तवर," राघू म्हणाला.

"आन् न्हाय आलं तर?"

पुन्हा काही जणांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

वहिनी म्हणाल्या, "तर माझं जाळं फाटेस्तवर."

नायलॉनचं जाळं किती वर्षं टिकतं, ते आपल्या बंदरात अजून कुणालाच माहीत नाही.